मधल्या वर्तुळातला नारळ

मंगळवारी एक माणूस दारात निमंत्रणपत्रिका देऊन गेला. जाड, चकचकीत, कडेला सोनेरी रेघ. महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा नवा मोसम येत्या रविवारी आपल्या शहरात सुरू होतोय, प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते मैदानाच्या मध्यभागी श्रीफळ वाढवून उद्घाटन होईल, आणि खाली सत्कारमूर्ती म्हणून माझं नाव. वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पत्रिका मी टेबलावर अशी आपटली की कपातला चहा बशीत सांडला. आतून ह्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. नारळ आलाय परत."

तीस वर्षं शाळेत क्रीडाशिक्षिका होते मी. गळ्यात शिट्टी आणि जिभेवर तिखट, अशी माझी ख्याती. निवृत्त झाल्यावर तरी शांत होईन असं घरच्यांना वाटलं होतं. कसली शांत! गेल्या वर्षी या लीगचा संघ शहरात आला आणि स्थानिक समितीनं कोर्टाचा जिम्मा माझ्यावर टाकला. कोर्टावर कोण येणार, कोणत्या बुटानं येणार, फरशी कधी पुसायची, सगळं मी बघायचं. पगार नाही, मान भरपूर. तो मानच पुढं नडला. पण ते सांगतेच.

थंडी पडली आहे. कन्नड तालुक्याच्या रस्त्याला हुरड्याचे फलक लागलेत. गोवऱ्यांच्या आगटीचा धूर नाकात गेला की मला आता शेत आठवत नाही, गेल्या वर्षीचा संघ आठवतो. एका सोमवारी सुट्टी होती म्हणून सगळ्या पोरींना हुरडा खायला नेलं होतं. ट्रीसा म्हणून केरळची एक उंचच उंच पोरगी होती, तिनं गरम कणीस सरळ दातांनी तोडलं, कोंड्यासकट चावत बसली आणि विचारलं, "मॅडम, ये कब तक चबाने का?" हसून हसून आम्ही आडवे. मग आमूनं तिचं कणीस घेतलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली, हिरवे दाणे तिच्या ओंजळीत ओतले आणि वर शेंगदाण्याची चटणी टाकली. "आता खा," म्हणाली, "न्हाईतर उद्या मला पास द्यायला दातच ऱ्हायचे नाय तुला." ट्रीसाला एक अक्षर कळलं नाही. तरी दोघी हसत होत्या.

आमू म्हणजे आम्रपाली. संघात शहरातली अशी ती एकटीच. मुकुंदवाडीची. तिचा बाप चिकलठाण्याच्या कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करतो, आई शिलाईची कामं घेते. सातवीत होती तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. शाळेचं सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही, बाजूनं गाडी गेली की बोर्ड थरथरायचा. ही अनवाणी. दुपारच्या उन्हात सिमेंट असं तापायचं की बाकीच्या पोरी नाचत नाचत सावलीत पळायच्या, आणि ही चेंडू आपटत पुढं. मी ओरडले, "अगं, पाय भाजतील!" तर म्हणाली, "पळाल्यावर भाजत नाय, बाई. थांबल्यावर भाजतंय." त्या दिवशी मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं होतं की मला एक पोरगी सापडली आहे.

गेल्या वर्षी ती संघाची गार्ड होती. म्हणजे चेंडू घेऊन पुढं जाणारी, खेळ कुठं वळवायचा ते ठरवणारी. बाकीच्या पोरी तिच्याहून वीतभर उंच. ही त्यांच्या कोपरांखालून निघायची. पहिल्या दोन सामन्यांना हॉलमध्ये खुर्च्याच खुर्च्या दिसत होत्या. बास्केटबॉल? तो काय आपला खेळ आहे का, असं ज्यांनी त्यांनी ऐकवलं. पाचव्या सामन्यापर्यंत तीच माणसं रांगेत उभी! रिक्षावाले मला विचारायला लागले, "मॅडम, आज आमू किती टाकणार?" कन्नडहून एका शाळेच्या मुली जीपमध्ये कोंबून यायच्या, एकीच्या मांडीवर दुसरी, आणि जुन्या चादरीवर रंगानं 'आमू' लिहून ती चादर चौघी चार टोकांना धरून उभ्या राहायच्या. आमू फ्री थ्रोला उभी राहिली की त्या सगळ्या श्वास धरायच्या. मला प्रेक्षकांच्या वरच्या पायरीवरून दिसायचं ते.

आणि आवाज. बास्केटबॉलचा आवाज तुम्ही जवळून ऐकलाय का? चेंडूचा नव्हे, बुटांचा. स्वच्छ लाकडी फरशीवर बूट वळला की चिर्रर्र करून वाजतो. दहा पोरी पळत असल्या की नुसता पाखरांचा थवा उतरल्यासारखा कलकलाट. फरशी पुसायला रफिकभाई होते. साठीचा माणूस, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ते पाणीवालाही सांगू शकत नाही, म्हणून रफिकभाईंनी हॉलच्या मागं फरशीसाठी एक निळा ड्रम वेगळा भरून ठेवला होता. त्यातलं पाणी कुणाला हात धुवायलाही द्यायचे नाहीत. आधी ओला पोछा, मग कोरडा, मग स्वतःचा रबरी बूट घालून कोपऱ्याकोपऱ्यात पाय घासून बघायचे. "साफ फर्श बोलती, मॅडम," म्हणायचे. "गंदी फर्श गूंगी रहती." दर सामन्याआधी ते मधल्या वर्तुळात उभे राहून पाय घासायचे, चिर्रर्र वाजलं की माझ्याकडं बघून मान हलवायचे, मग मी दार उघडायचे. हा आमचा दोघांचा रिवाज होता.

नारळाचाही मी बंदोबस्त करून ठेवला होता. मी काही देवधर्माच्या विरोधात नाही बरं का. माझ्या देव्हाऱ्यात नारळ असतो आणि तो मी श्रद्धेनं वाढवते. मातीच्या मैदानावर कबड्डीच्या सामन्याआधी मध्यरेषेवर नारळ फोडतात, पाणी माती पिऊन टाकते, कुणाचं काही बिघडत नाही. पण लाकूड पाणी पीत नाही! नारळाचं पाणी तर नुसतं पाणीही नाही, त्यात गोडवा असतो, वाळलं की चिकट होतं. म्हणून मोसमाच्या पहिल्याच दिवशी मी हॉलच्या दारात, पायरीपाशी, एक घडीव दगड ठेवला. दगड रफिकभाईंनीच आणला होता. नारळ तिथं, हळदकुंकू तिथं, फुलं तिथं. आत फक्त खेळ. समितीचे स्वागताध्यक्ष भाऊसाहेब तेव्हा म्हणाले होते, "वा मॅडम, नियम म्हणजे नियम!" मोसमभर सगळ्यांनी पाळलासुद्धा.

आठ संघांत आम्ही दुसरे आलो. दुसरे आलो म्हणून उपांत्य सामना घरच्या कोर्टावर मिळाला. तो मिळवलेला होता, कुणी दान दिलेला नव्हता. आदल्या दिवशी सराव संपल्यावर आमू बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती. म्हणाली, "बाई, उद्या ते बघायला येणार हायत." एका सरकारी खात्याच्या संघासाठी पोरी निवडणारे दोघं येणार होते. निवड झाली असती तर कायमची नोकरी आणि खेळही चालू. घरात पहिली कायमची नोकरी, तीही बास्केटबॉलवर. "चाळीस मिनिटं," ती म्हणाली. "चाळीस मिनिटं नीट खेळले की झालं, बाई. दुसरं कायबी नको." मी तिच्या डोक्यावर टपली मारली. 

सामना पाचचा होता. पोरी साडेचारला अंग गरम करून घाम काढून तयार. रफिकभाईंनी पाय घासला, फरशी बोलली, मी दार उघडलं. आणि नारळ फोडायला बोलावलेले प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. पाच वाजले, सव्वापाच. निवेदक माइकवर म्हणतोय, पाहुणे निघालेत. साडेपाच. पाहुणे पोहोचताहेत. पोरींच्या अंगावरचा घाम वाळला. कोच वेड्यासारखे येरझाऱ्या घालताहेत. कन्नडच्या मुली दुपारी दोनला जीपमध्ये बसलेल्या, भुकेनं मलूल होऊन गेल्या होत्या. पाहुणे साडेसहाला आले. दीड तास! तालुक्याच्या एस.टी.नं एवढा उशीर केला तर हीच माणसं डेपो मॅनेजरला शिव्या घालतात.

आले ते सरळ आत. बूट घालून. मागं वीसपंचवीस माणसं, तीही रस्त्यावरचे बूट घालून. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, मध्ये या, वर्तुळात संघाचं चिन्ह आहे, फोटोत छान येईल." भाऊसाहेबांनी चुटकी वाजवली आणि दोन पोरांनी माझा दारातला दगड उचलून आणला. माझा दगड! मधल्या वर्तुळात ठेवला. त्यावर हळद, कुंकू, झेंडू. पाहुण्यांनी नारळ आपटला, फुटला नाही. परत आपटला, नाही. तिसऱ्यांदा असा आपटला की करवंटी एकीकडं, खोबरं दुसरीकडं आणि पाणी चहूबाजूंनी. टाळ्या!

मी कुठं होते? हे लिहायला नको वाटतंय, पण लिहिणार आहे. मी पाच पावलांवर उभी होते. बाहेरचे बूट घालून सरावाच्या वेळी आत आलेल्या शिपायाला ज्या बाईनं हॉलबाहेर काढलं होतं ती बाई. पण त्या क्षणी निवेदक माझं नाव घेत होता. ज्येष्ठ क्रीडाशिक्षिका, आम्रपालीच्या गुरू, अमुक तमुक. पाहुण्यांनी माझ्या खांद्यावर हिमरू शाल घातली. अस्सल, आपल्या शहराची, मऊ. तीस वर्षांत शाळेनं मला एक गुलाबाचं फूल दिलं नव्हतं. मला भरून आलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

सत्कार चालूच. एकामागून एक शाली. तेवढ्यात रफिकभाई माझ्या कानाशी आले. घाबरलेले. "मॅडम, इसकू धोना पडता. पोछने से नै जाता ये. चिपचिप रहता. दस मिनट दिलाव मेरेकू." भाऊसाहेबांनी ऐकलं. म्हणाले, "छे छे, आधीच उशीर झालाय! थेट प्रक्षेपणवाले बोंबलताहेत. वरच्यावर पुसून घ्या." रफिकभाईंनी भाऊसाहेबांकडं पाहिलंच नाही. ते माझ्याकडं बघत होते. कोर्ट माझं होतं. मी म्हणाले, "असू द्या रफिकभाई. पुसून घ्या." पाहुणे शेजारी उभे होते, खांद्यावर शाल होती, आणि चारचौघांत वाद घालणं मला बरं दिसेना.

पाहुण्याला दीड तास दिला आम्ही. फरशीला दहा मिनिटं नाही दिली.

रफिकभाईंनी कोरडा पोछा मारला. कुंकवाचा लालसर डाग राहिला. त्यांनी वर्तुळात पाय घासला नाही. मान हलवली नाही. पंचांनीही वरून नजर फिरवली, कोरडं दिसलं, पुढं झाले. पाहुणे पहिल्या पाच मिनिटांतच निघून गेले, त्यांना दुसरा कार्यक्रम होता.

पहिलं सत्र आमू अशी खेळली की निवड करणाऱ्या दोघांतला एक उठून उभा राहिला होता. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला ती चेंडू घेऊन मधल्या वर्तुळातून निघाली. समोर त्यांची खेळाडू. आमूनं डावीकडं दाखवलं आणि उजवीकडं वळली. तिची नेहमीची चाल. शंभरदा पाहिलेली. बूट वळला की चिर्रर्र वाजायला हवं होतं. वाजलं नाही. बूट चिकटून राहिला आणि पोरगी वळली. गुडघ्यातून जो आवाज आला तो मी वरच्या पायरीवर ऐकला असं मी सांगते, लोक म्हणतात शक्य नाही. मी ऐकला.

सामना थोडक्यात गेला. गार्ड नसताना पोरी जीव तोडून खेळल्या, ट्रीसा रडत खेळली, तरी गेला. मोसम संपला. हॉल रिकामा होताना कन्नडच्या मुलींनी चादर नीट घडी घालून घेतली. त्यांच्या बाईंनी मला विचारलं, "आमूचं कसं हाय?" म्हटलं, दवाखान्यात नेलंय.

आणि मग सुरू झाली कारणमीमांसा. काय काय ऐकलं म्हणून सांगू! पेपरात छापून आलं की घरच्या प्रेक्षकांचं दडपण मुलींना पेलवलं नाही. समितीतला एक जण म्हणाला, पोरींना बाहेरचं खायला देत होते. आणि समितीच्या बैठकीत, माझ्या समोर, चहा पीत पीत, भाऊसाहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का? मला तेव्हाच शंका आली होती. नारळ पहिल्या दणक्यात फुटला नाही. अपशकुन झाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर नारळ कुठल्या दुकानातून आणला त्याची चौकशी केली!  अहो, नारळानंच घात केला, हे बरोबर आहे तुमचं! पण तो फुटला नाही म्हणून नव्हे, फुटला म्हणून! आणि भलत्या जागी फुटला म्हणून! हे सगळं मी बोलणारच होते. पण बोलायचं तर पुढचं वाक्य माझं स्वतःचं निघत होतं. दहा मिनिटं कुणी नाकारली, मॅडम? मी चहा पिऊन उठले.

दवाखान्यात आमूची आई बाकावर बसली होती. मांडीवर पोरीचे बूट, प्लास्टिकच्या पिशवीत. म्हणाली, "बाई, पोरीचा पाय नीट व्हईल ना? नोकरीचं ऱ्हाऊ द्या, पाय तरी." मी होईल म्हणाले. घरी येऊन शाल कपाटाच्या तळाला टाकली. वर्षभर तिला हात लावलेला नाही.

लिगामेंटचं ऑपरेशन झालं. निवड करणाऱ्यांनी दुसरी पोरगी घेतली. त्यांचा काय दोष, त्यांना एक जागा भरायची होती. आमू वर्षभर गुडघ्याचे व्यायाम करत राहिली, भिंतीला टेकून, जिन्याच्या पायऱ्यांवर, मुकुंदवाडी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर सकाळी गाडी नसताना चालत. रडली असेल, माझ्यासमोर नाही. आणि यंदा संघानं तिला परत बोलावलं. बारावी खेळाडू म्हणून, बाकाच्या टोकाला. तरी बोलावलं. ही बातमी मला सोमवारी कळली आणि मंगळवारी ती पत्रिका आली. तेच भाऊसाहेब, तेच शब्द, तेच मध्यभागी!

मी लगेच फोन लावला. "भाऊसाहेब, नारळ दारात. आत नाही."

"अहो मॅडम, तुम्ही अजून तेच धरून बसलात? पाहुणे मोठे आहेत. त्यांना काय सांगू?"

"सांगा, बूट काढून या."

"शुभकार्यात असं बोलू नये, मॅडम. आणि तुमचा सत्कार आहे हो! यंदाची शाल गेल्या वर्षीपेक्षा भारी आहे."

फोन ठेवला. भारी आहे म्हणे! नुसता संताप झाला. पण खरं सांगते, त्या संतापात निम्मा भाऊसाहेबांवर होता आणि निम्मा कुणावर होता ते मला चांगलं माहीत होतं. इतरांवर भडकणं मला जन्मभर सोपं गेलंय.

काल संध्याकाळी हॉलवर गेले. सराव संपला होता. रफिकभाई ड्रम भरत होते, म्हणाले, "आ गए मॅडम?" आणि परत पाण्याकडं वळले. त्यांनी वर्षभरात मला एका शब्दानं बोल लावलेला नाही, हे मला जास्त लागतं. आमू बाकावर बसून गुडघ्याचा पट्टा सोडत होती. मी शेजारी बसले. वर्षभर जे सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. की रफिकभाईंनी दहा मिनिटं मागितली होती. की माझ्याकडं मागितली होती. की मी नाही म्हणाले. की भाऊसाहेबांना, पाहुण्याला, पेपरवाल्यांना मी वर्षभर मनात शिव्या घालते आहे, पण शेवटचं 'असू द्या' माझं होतं.

ती पट्टा गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मला म्हाईत हाय, बाई."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाया पायजे? मी तिथंच हुते की. नारळ फुटल्यापासनं मी तुमच्याकडंच बघत हुते." तिनं पट्टा पिशवीत टाकला. "म्हटलं, बाई आता बोलतील. आता बोलतील."

मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. दोन्हींतलं काहीच ती म्हणाली नाही. उठली, जरा लंगडत मधल्या वर्तुळापर्यंत गेली. फरशी नुकतीच पुसलेली होती. तिनं उजवा बूट टेकवला, हलकं वजन टाकलं आणि वळली. चिर्रर्र. रिकाम्या हॉलमध्ये केवढ्यानं वाजलं ते. ड्रमपाशी रफिकभाईंनी मान वर केली.

"फरशी बोलतीय, बाई," आमू तिथूनच म्हणाली. "रविवारी तुम्ही पण बोला."